जव्हार, मोखाडा आणि यादीतलं नाव

जव्हारला ‘ठाणे जिल्ह्याचं महाबळेश्वर’ म्हणायची पद्धत पालघर जिल्हा व्हायच्या आधीची. 1 ऑगस्ट 2014ला जिल्हा बदलला, बिरुद मात्र तेच राहिलं. पावसाळ्यात गेलात तर ते पटतंही. विक्रमगड मागे पडलं की रस्ता वळणं घेत चढायला लागतो, मोबाइलची रेंज ये-जा करते आणि बॉसचा फोन न घ्यायला एक सज्जड कारण मिळतं. हनुमान पॉइंट, सनसेट पॉइंट, दाभोसा धबधबा, मुकणे राजांचा जयविलास राजवाडा. एका वीकएंडला भरपूर झालं.

मी गेलो ते मात्र भर मे महिन्यात. साल 2024, लोकसभेचं मतदान आठवड्यावर आलेलं. डोंगर तपकिरी, धबधबे कोरडे, फोटो काढण्यासारखं फारसं काही नाही. त्यामुळे असेल, पण एरवी ज्याकडे लक्ष गेलं नसतं ते दिसलं. पाड्यांवर बऱ्याच दारांना कड्या होत्या. एका ओट्यावर बसलेल्या आजींना विचारलं, ‘घरची मंडळी कुठे गेली?’

‘जगायला गेलीत. भट्टीवर.’

‘मग मतदानाला येतील ना?’

‘शेठनं सोडलं तर येतील.’

‘जगायला जाणं’ हा इथला रोजच्या बोलण्यातला शब्द. भाताची कापणी झाली, दिवाळी सरली की कुटंबंच्या कुटुंबं भिवंडी, वसई, कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात, ती पाऊस तोंडावर आला की परततात. आता निवडणुकांच्या तारखा बघा. पालघरचं लोकसभेचं मतदान 20 मे 2024ला, विधानसभेचं 20 नोव्हेंबरला. एक तारीख परतीच्या आधी, दुसरी दिवाळीनंतर. म्हणजे दोन्ही नेमक्या माणसं बाहेर असतानाच्या.

या मताची इथली गोष्ट मोठी आहे, आणि ती ऐकायला जव्हार ते मोखाडा हा तासाभराच्या आतला रस्ता बरा पडतो. कारण 1947 पर्यंत या रस्त्याची दोन टोकं दोन वेगळ्या राज्यांत होती. जव्हार हे मुकण्यांचं, महादेव कोळी राजघराण्याचं संस्थान. मोखाडा इंग्रजांच्या ठाणे जिल्ह्यात. मुंबई प्रांताच्या निवडणुकीशी जव्हारच्या प्रजेचा संबंधच नव्हता. मोखाड्यात कागदोपत्री होता, पण 1935च्या कायद्यानं मत मिळायचं ते मालमत्ता किंवा शिक्षण बघून. जमीन सावकाराची आणि अक्षरओळख नाही, अशा वारल्याला किंवा कातकऱ्याला ते कुठून मिळणार?

त्याच्या वाट्याला होती वेठ. लग्नासाठी कर्ज काढायचं आणि ते फेडायला जमीनदाराकडे राबायचं, अशा माणसाला नावच होतं ‘लग्नगडी’. 23 मे 1945ला तलासरीजवळच्या झरी गावात किसान सभेची परिषद भरली आणि तिथे गोदावरी व शामराव परुळेकरांच्या साथीनं वारल्यांनी वेठ करणार नाही असं ठरवलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तलवाड्याला जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळ्या चालवल्या. त्यात जेठ्या गांगड गेले. तलवाडा आज विक्रमगड तालुक्यात येतं. गोदावरीबाईंचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ तुम्ही वाचलं नसेल तर या ट्रिपला सॅकमध्ये टाका, गाइडबुकपेक्षा जास्त कळेल.

आणि मग पाच-सहा वर्षांत त्याच माणसांची नावं मतदारयादीत आली. 1951-52च्या पहिल्या निवडणुकीत देशभर 17 कोटींहून जास्त मतदार होते. लिहिता-वाचता येणारे शंभरात वीससुद्धा नाहीत. म्हणून प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी ठेवली आणि तिच्यावर चिन्ह लावलं. चित्र ओळखा, कागद टाका. याद्या करताना घोळही झाले. ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची मुलगी’ यापुढे नाव सांगायला तयार नसलेल्या सुमारे 28 लाख बायकांची नोंद, मुख्यतः उत्तरेकडच्या राज्यांत, रद्द करावी लागली.

याच सुमाराची अमेरिका आठवा. 1962 मध्ये मिसिसिपीतली फॅनी लू हेमर ही शेतमजूर बाई नाव नोंदवायला इंडियानोला गावी गेली. तिच्यापुढे राज्यघटनेतलं एक कलम ठेवून अर्थ सांगायला लावलं. ती नापास झाली आणि जिथे 18 वर्षं राबली होती त्या मळ्याच्या मालकानं तिला त्याच दिवशी घालवून दिलं. अशा परीक्षांना चाप लावणारा कायदा तिथे 6 ऑगस्ट 1965ला झाला. मोखाड्याच्या वारल्याला असली परीक्षा द्यावी लागली नाही, हे मला खरंच भारी वाटतं. 1957 मध्ये ठाण्यातून शामराव परुळेकर लोकसभेत गेले. पुढच्या दशकात जव्हारचे शेवटचे राजे यशवंतराव मुकणेही काँग्रेसतर्फे खासदार झाले. राजाला प्रजेकडे मत मागावं लागलं!

मळ्याच्या मालकाची ती गोष्ट मात्र आजींच्या ‘शेठनं सोडलं तर’ला जाऊन भिडते. इथे कुणी नोंदणी अडवत नाही. 2024च्या आधी निवडणूक आयोगानं कातकऱ्यांसारख्या अतिमागास आदिवासींच्या नोंदणीसाठी खास मोहीमही घेतली होती. तात्पुरतं बाहेर गेलेल्याचं नाव तेवढ्यावरून कापता येत नाही, असं 1950च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यातच आहे. मतदानाची पगारी सुट्टी रोजंदारीवाल्यालाही आहे, 1951च्या कायद्याचं कलम 135ब. तुमच्याआमच्या एचआरचा मेल येतो तो याच कलमावरून, आणि आपण अलिबागची बुकिंग बघतो. पण भट्टीवर मजुरी हजार विटांवर मोजतात आणि पावसाळ्यात घेतलेली उचल अंगावर असते. तो माणूस कुणाकडे कलम दाखवणार? वर सगळ्या कुटुंबाचं एसटीचं भाडं, येण्याचं आणि जाण्याचं.

आहात तिथूनच मत द्यायची सोय? त्यासाठीच्या रिमोट यंत्राचा नमुना आयोगानं डिसेंबर 2022 मध्ये जाहीर केला, जानेवारीत पक्षांना दाखवायला बोलावलं, पक्षांचं जमलं नाही. 2024च्या दोन्ही निवडणुका त्याच्याशिवाय झाल्या. माझ्या मते हे यंत्र आधी भिवंडीच्या भट्ट्यांवर न्यायला हवं. पुण्यात पीजी म्हणून राहून नाव लातूरच्या यादीत असणाऱ्यांनाही ते लागेल, पण त्यांच्याकडे निदान व्होल्वोचं तिकीट काढायला पैसे असतात.

मोखाड्याहून खोडाळ्याकडे निघालात की वाटेत वैतरणेचं खोरं लागतं. मुंबईच्या नळाला येणाऱ्या पाण्यातलं बरंचसं इथलं. मध्य वैतरणा धरण मोखाडा तालुक्यातल्या कोचाळ्याजवळ आहे, आणि मे महिन्यात त्याच तालुक्यात बायका टँकरची वाट बघतात. ते टँकरही मी पाहिले.

जायचं असेल तर मुंबईहून अहमदाबाद हायवेनं मनोर, तिथून विक्रमगडमार्गे जव्हार. नाशिककरांना त्र्यंबकेश्वरवरून मोखाडा जवळ. परतताना खोडाळामार्गे कसारा गाठा, लोकल मिळते. धबधबे हवेत तर जुलै-ऑगस्ट. गावं भरलेली बघायची तर तेव्हाच, भातलावणी चालू असते.