नाकाने पाहणारा गेंडा

निर्ढावलेल्या माणसाला आपण ‘गेंड्याच्या कातडीचा’ म्हणतो. गेल्या फेब्रुवारीत आसाममधील काझीरंगा राष्ट्रीय उद्यानात जाऊन आल्यापासून हा शब्दप्रयोग माझ्या तोंडी येत नाही. इतका सावध, इतका चटकन दचकणारा प्राणी मी क्वचितच पाहिला आहे.

सोबत माझे वडील, नाना होते, वय 81. त्यांना काचबिंदू आहे. दोन्ही डोळ्यांची कडेची नजर गेली असून, नळीतून पाहावे तसे फक्त समोरचे दिसते. प्रवासाला निघण्याच्या महिनाभर आधी मी पाठीमागून येऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवला होता. ते जोरात दचकले, हातातील कप फुटला, तोल गेला. पलंगाचा आधार मिळाला म्हणून पडले नाहीत. नंतर ते माझ्यावर फार रागावले. ‘वय झाले की चिडचिड वाढते,’ असे निदान मी मनातल्या मनात करून टाकले.

गुवाहाटीहून कोहोरा दोनशे किलोमीटरहून थोडे अधिक आहे. वाटेत दोनदा थांबत, नानांचे डोळ्यांचे थेंब वेळेवर घालत आम्ही संध्याकाळी पोहोचलो. दुसऱ्या दिवशी सकाळी बागोरी विभागात जीपमधून शिरलो. ब्रह्मपुत्रेच्या पुराने पोसलेली ही गवताळ भूमी. काही ठिकाणी गवत माणसाच्या उंचीहूनही वर गेलेले. 2022 च्या गणनेनुसार येथे 2,613 एकशिंगी गेंडे आहेत.

पहिला गेंडा दिसला तेव्हा सगळे बोटे दाखवू लागले. नानांना मात्र काही सापडेना. सोबतचा वनरक्षक शांतपणे म्हणाला, “बाबा, पांढरा बगळा शोधा. त्याच्या खाली पाहा.” नानांना बगळा दिसला आणि मग बगळ्याखालचा तो राखाडी डोंगरही.

इतक्यात वारा फिरला. चरणारा गेंडा थबकला. त्याने मान वर केली, नाकपुड्या फेंदारल्या. एक कान आमच्याकडे वळला, दुसरा गवताकडेच राहिला. तो नेमका आमच्याकडे पाहत आहे, असे मात्र वाटेना. वनरक्षकाने खूण करताच चालकाने जीप हळूहळू मागे घेतली. “याला डोळ्यांनी कमी दिसते,” वनरक्षक हिंदीत सांगू लागला. “नाकाला कळले की कोणीतरी आहे. पण कोण, कुठे, ते कळले नाही की घाबरतो. घाबरला की धावून येतो.”

नाना थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, “माझेही तसेच होते बघ.”

माझे निदान चुकले होते, हे मला त्या जीपमध्ये कळले.

दोन टनांच्या या प्राण्याचे डोळे लहान आणि डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात. निश्चल उभा असलेला माणूस थोड्या अंतरावरूनही त्याला नीट ओळखता येत नाही. ही उणीव नाक आणि कान भरून काढतात. नळीसारखे कान स्वतंत्रपणे वेगवेगळ्या दिशांना फिरतात. अनेक गेंडे ठरावीक जागीच शेण टाकतात. रस्त्याकडेचे असे ढीग आम्ही पाहिले. तेथील वासावरून त्यांना परस्परांची ओळख पटते. एकशिंगी गेंड्याच्या पावलांतही गंधग्रंथी असतात; चालता चालता तो आपली खूण मागे ठेवतो.

बगळ्यावरून आठवले. आफ्रिकेतील काळ्या गेंड्याच्या पाठीवर लाल चोचीचा एक लहान पक्षी बसतो. तेथील स्वाहिली भाषेत त्याचे नाव ‘गेंड्याचा रक्षक’ या अर्थाचे आहे. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पक्षी सोबत नसताना गेंड्याला माणसाची चाहूल सरासरी 27 मीटरांवर लागली. पक्षी असताना 61 मीटरांवर. सोबत्याने वेळीच दिलेली सूचना इतका फरक घडवते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. नजर गेली की बाकीची इंद्रिये आपोआप तीक्ष्ण होतात, असे उतारवयात गृहीत धरू नये. गेंड्याला जन्मतःच तीक्ष्ण नाक-कान मिळतात. आपले मात्र डोळ्यांबरोबरच मंदावत जातात. म्हणून मोतीबिंदू असल्यास शस्त्रक्रिया टाळू नये. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही, परंतु नियमित थेंबांनी उरलेली बहुतेकदा जपता येते. कानातील मळ आणि ऐकण्याची क्षमता तपासून घ्यावी. वास कमी येत असेल, तर गॅसची गळती किंवा विटलेले अन्न लक्षात येत नाही. तेथे घरातील इतरांनी लक्ष ठेवावे.

काळजी घेणाऱ्यांसाठी काही साध्या गोष्टी. नजर अधू असलेल्या व्यक्तीजवळ मागून किंवा कडेने गुपचूप जाऊ नये. दारातूनच नाव घेऊन हाक मारावी, आपण कोण ते सांगावे, समोर यावे आणि मगच स्पर्श करावा. ओरडून बोलू नये. वयोमानानुसार बहुधा उंच पट्टीचे आवाज आधी ऐकू येईनासे होतात. म्हणून किंचित खालच्या पट्टीत, सावकाश बोलावे. वस्तू दाखवताना ‘ती बघा, तिकडे’ म्हणण्याऐवजी ठळक खूण सांगावी, जसा त्या वनरक्षकाने बगळा सांगितला. दचकून तोल गेला आणि खुब्याचे हाड मोडले, तर त्या वयात माणूस अनेकदा पूर्वीसारखा हिंडूफिरू शकत नाही.

घरी आल्यापासून मी उंबऱ्यातूनच सांगते, “नाना, मी आले आहे. चहा आणला आहे.” ते मान वळवतात, मी समोर येईपर्यंत थांबतात आणि मग कपासाठी हात पुढे करतात.