बोट घ्यायची ती मे महिन्याचं पाणी पाहून

देवळाली प्रवरा, ता. राहुरी

प्रिय दाजी,


मुंबईतली ती बत्तीस फुटी केबिनवाली जुनी बोट तुमच्या मनात भरली आहे, हे पत्रावरून कळलं. आत चौघांना झोपायची सोय, छोटा ओटा, संडास, दोन पेट्रोल इंजिनं. त्यात नव्या हौशी बोटींवर सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के जीएसटी, म्हणून जुनीचा भाव आणखीच गोड लागतो. ती मुळा धरणात टाकावी, नाहीतर जायकवाडीच्या नाथसागरात, नाहीतर भंडारदऱ्याला, असा तुमचा बेत. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. केबिनची बोट घ्यायला माझी हरकत नाही, जुनी घ्यायलाही नाही. आहे त्या लहान बोटीपेक्षा मोठी हवी, हेही पटतं. पण मोठी म्हणजे किती, हे ठरवताना गणपतीतलं भरलेलं धरण डोळ्यांपुढे ठेवू नका, मे महिन्यातलं ठेवा. तो हिशोब मांडला की आपल्याकडे पंचवीस-सव्वीस फुटांच्या वर जाण्यात राम नाही.

बोटीविषयीचा बहुतेक सल्ला ज्या पाण्यासाठी दिलेला असतो, ते पाणी जागचं फारसं हलत नाही. अमेरिकेतल्या मिशिगन सरोवराची पातळी ऋतुमानाने वर्षभरात साधारण फूटभर वरखाली होते. तिथे धक्का एकदा बांधला की बांधला. आपले तलाव मुळात तलाव नाहीतच, ती उसाची आणि पिण्याच्या पाण्याची कोठारं आहेत, आणि ती रिकामी होण्यासाठीच भरतात. मुळा धरण २६ टीएमसीचं. त्यातलं साडेचार टीएमसी मृतसाठा, बाकी सगळं कालव्यांवर आणि नळांवर जायचं. रब्बीचं आवर्तन, मग उन्हाळी आवर्तन. प्रत्येक वेळी काठ आत सरकतो. वरून जायकवाडीचा नियम आहेच. १५ ऑक्टोबरला तिथला उपयुक्त साठा ६५ टक्क्यांखाली असला की नगर-नाशिकच्या धरणांनी पाणी सोडायचं. २०२३ साली असं ८.६ टीएमसी सोडायचं ठरलं, तेव्हा त्यात मुळेचाही वाटा होता. म्हणजे तुमची बोट कुठे तरंगणार, हे ठरवायला मराठवाड्यातला पाऊस, कालवा सल्लागार समिती आणि प्रसंगी न्यायालय, इतके जण बसलेले आहेत. बोटमालकाला त्यात कोणी विचारत नाही, आणि विचारूही नये.

पाणी उतरतं कसं, हे धरणागणिक वेगळं. भंडारदऱ्याचं विल्सन धरण १९२६ साली पुरं झालं. ते सह्याद्रीच्या अरुंद, खोल खोऱ्यात आहे. तिथे पाणी उभं उतरतं. काठ लांब जात नाही, पण उतार खडकाळ आणि तीव्र होत जातो. नाथसागराचं उलट. सपाट काळ्या जमिनीवर पसरलेलं हे पाणी सुमारे साडेतीनशे चौरस किलोमीटर व्यापतं. त्याची पातळी थोडी उतरली तरी काठ पार लांब निघून जातो. मोकळ्या झालेल्या जमिनीवर लोक गाळपेर करतात. डिसेंबरात बोट बांधली तिथे एप्रिलात कोणाचा तरी भुईमूग असायचा! शिवाय खाली काय आहे ते वरून दिसत नाही. नाथसागराने शंभरावर गावं पोटात घेतली. त्यांच्या विहिरींचे कठडे, भिंती, बाभळींचे बुंधे पाण्याखाली आहेत. उजनीत पाणी ओसरलं की पळसदेवच्या जुन्या देवळाचं शिखर वर येतं. छायाचित्र काढणाऱ्यांना ते हवं असतं, पण पाण्याखाली तीन फूट पंखा घेऊन जाणाऱ्याला अशी शिखरं उघडी पडण्याच्या आधी भेटतात. जायकवाडी १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे, तेव्हा वन खात्याच्या परवानगीशिवाय तिथे मनाला येईल तशी मोटारबोट फिरवता येणार नाही, हे वेगळंच.

म्हणून माझी पहिली कसोटी केबिन किती मोठी ही नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये बोट पाण्याबाहेर कशी काढणार, ही आहे. सव्वीस फुटांपर्यंतच्या पुष्कळशा बोटी रुंदीला साडेआठ फुटांत बसतात, आणि आपल्या रस्त्यांवर वाहनाच्या रुंदीची मर्यादा २.६ मीटर, म्हणजे जेमतेम तेवढीच. ट्रेलरसकट वजन साडेतीन टनांच्या आसपास. पन्नास अश्वशक्तीचा ट्रॅक्टर ते ओढतो, आणि उसाच्या दोन ट्रॉल्या मागे घेऊन जाणारा ड्रायव्हर आपल्याकडे गल्लोगल्ली मिळतो. बत्तीस फुटीची रुंदी दहा-अकरा फूट, वजन पाच-सहा टन. तिला लोबेड लागतो, मर्यादेबाहेरच्या मालाची परवानगी लागते, आणि दोन्ही टोकांना क्रेन. तुम्ही म्हणाल, राहुरी फॅक्टरीवर हायड्रा भाड्याने मिळते. मिळते ना! पण ती पाण्याच्या कडेपर्यंत न्यायची कशी? उतरलेल्या पाण्यामागे जो गाळ राहतो त्यावर वरून पापुद्रा वाळतो आणि खाली लोणी असतं. तिथे रिकामी हायड्रासुद्धा रुतेल, मग पाच टन उचललेली तर सोडाच.

बोट बाहेर काढायचीच कशाला, खोल पाण्यात नांगरून ठेवू, असंही तुम्ही लिहिलं आहे. मुळेला भिंतीजवळ उन्हाळ्यातही खोली असते, हे खरं. पण भिंतीजवळ, विमोचकांच्या तोंडाशी खाजगी बोट कोण उभी करू देईल? आणि इतरत्र नांगरली तर पाण्यामागोमाग तिला सरकवत राहायला कायमचा माणूस हवा.

तुमचा दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: मोठी बोट सुरक्षित. २१ मे २०२४ला कुगावहून कळाशीकडे निघालेली बोट उजनीत अचानक सुटलेल्या वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. अशा वाऱ्यात जड, रुंद बोट हलक्या बोटीपेक्षा तग धरते, हे मी नाकारत नाही. पण उंच केबिन म्हणजे वाऱ्याला मिळालेली भिंत. कमी वेगात, काठाजवळ वळवताना तीच बोट आडवी वाहत जाते. आपला वळीव ज्या वेळी येतो, त्या एप्रिल-मेच्या दुपारनंतर पाण्यावर नसणं, हा बोटीच्या लांबीपेक्षा मोठा बचाव आहे. बाकाखाली कोंबलेलं नव्हे, अंगावर घातलेलं लाइफ जॅकेट हा त्याच्या पुढचा. आणि वादळ दिसताच पटकन काठ गाठायचा तर उथळ पाण्यात शिरू शकणारी बोट बरी. कोयनेवर तापोळा-बामणोलीला रोज पाण्यावर पोट असलेल्यांच्या लाँच पाहा. वर ताडपत्री किंवा पत्रा, बूड उथळ. त्यांनी काही हौस म्हणून तशी निवड केलेली नाही.

आता मुक्कामाची सोय. त्यासाठी संडास हवा, आणि बोटीतल्या संडासाची टाकी रिकामी करायला धक्क्यावर पंप हवा. आपल्या एकाही काठावर मला तो माहीत नाही. मुळेचं पाणी नगर शहर पितं. तेव्हा टाकी पाण्यात सोडणं हा विषयच नाही. दोघांपुरती केबिन आणि काढून नेता येणारं लहान कमोड, एवढ्यावर भागवा. पेट्रोलचाही विचार करा: एक मोठं आठ सिलिंडरचं इंजिन वेगात ताशी चाळीस-पन्नास लिटर सहज पितं, आणि तुमच्या बोटीत तशी दोन आहेत.

सव्वीस फुटी जुनी बघायला जाल तेव्हा जुना ट्रॅक्टर घेताना जसे रंगापेक्षा तास बघता तसंच करा. गेल्या गेल्या इंजिनावर हात ठेवा. ते आधीच गरम असेल तर विकणाऱ्याने थंड इंजिनाचा त्रास लपवला आहे असं समजा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. मुंबईची बोट खाऱ्या पाण्यातली. समुद्राचंच पाणी इंजिनातून फिरवून थंडावा घेत असेल तर एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आतून गंजलेलं असण्याची दाट शक्यता. ते फुटलं की पाणी थेट सिलिंडरमध्ये. प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजून घ्या, एकाचं जरी बाकीच्यांपेक्षा फार कमी आलं तरी व्यवहार थांबवा. इंजिन आत आणि पंख्याचा पाय बाहेर अशी रचना असेल, तर दोन्हींमधला घड्यांचा रबरी बूट टॉर्च लावून बघा. चिरला असेल तर आधी बेअरिंग जाईल, मग बोटीत पाणी येईल. डेकवर छोट्या हातोडीने हातभर अंतरावर ठोकत जा. खणखणीत आवाज बदबद झाला की फायबरच्या दोन थरांमधलं लाकूड कुजलंय. तळाला बाहेरून पाण्याने भरलेले फोड असतील तर थोड्यांवर भाव पाडा, सगळा तळ फोडांनी भरला असेल तर परत फिरा. गंज आपल्यावर ओढून घेणारे धातूचे तुकडे खाऱ्या पाण्यासाठी जस्ताचे असतात. गोड्या पाण्यात ते निकामी होतात, तिथे मॅग्नेशियमचे बसवावे लागतात. खर्च किरकोळ, पण विसरलात तर पंख्याचा पायच झिजायला लागेल. पेट्रोल इंजिन बंद कप्प्यात असेल तर स्टार्टर मारण्याआधी चार मिनिटं ब्लोअर चालवायचा, कारण साचलेली वाफ एका ठिणगीने पेटते. आणि केबिनमध्ये कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म असल्याशिवाय मुलांना आत झोपवायचं नाही.

कागदांचं सांगतो. २०२१च्या अंतर्देशीय जहाज कायद्याने यांत्रिक बोटीची नोंदणी, तपासणी आणि विमा बंधनकारक आहे; महाराष्ट्रात हे काम मेरीटाईम बोर्डाकडे. धरणात उतरवायला जलसंपदा खात्याची परवानगी वेगळी. ती लेखी हातात पडेपर्यंत विसार देऊ नका, आणि द्यावाच लागला तर परवानगी व तपासणीच्या अटीवर, परत मिळेल असा लिहून घेऊनच द्या. अक्का म्हणेल तशी इकडे यायची तारीख कळवा. मुळेचा काठ आणि ट्रॅक्टरला जायला वाट कुठून आहे, ते मी त्याआधी बारागाव नांदूरच्या बाजूने पाहून ठेवतो.

तुमचा मेहुणा