पुढचे दोन दाते

बऱ्याच दिवसांपासून हे लिहायचं मनात होतं, पण रिलीज, बग आणि पुन्हा रिलीज या रगाड्यात राहून जात होतं. आज शनिवार आहे, चहा झालाय, तेव्हा लिहूनच टाकतो. विषय तसा साधा आहे: मोटारसायकलच्या चेनचं पुढचं स्प्रॉकेट. गाड्यांत रस नसलेल्यांनीही वाचायला हरकत नाही, कारण यात आमचे बाबा पण आहेत :)

तर, बाबांची जुनी बुलेट 350 आहे. कास्ट आयर्नचं इंजिन, चार गिअर आणि तेही उजव्या पायाला. 2021 च्या डिसेंबरात बाबांची अँजिओप्लास्टी झाली आणि डॉक्टरांनी किक मारायला सक्त मनाई केली. (बुलेटची किक म्हणजे काय ते मारणाऱ्यालाच ठाऊक!) गाडी ठेवायची की विकायची यावर घरात चर्चा झाली. बाबा काहीच बोलले नाहीत, नुसते अंगणात जाऊन टाकी पुसत बसले. शेवटी मीच म्हटलं, मी पुण्याला नेतो. दर शनिवारी साताऱ्याला येईन ते हिच्यावरच.

पुणे ते सातारा साधारण 110 किलोमीटर. गावात ही गाडी म्हणजे राजा, पण हायवेवर 80 च्या पुढे काटा गेला की इंजिन ओरडायला लागायचं. शिरवळला चहाला थांबलो की हाताला मुंग्या आलेल्या असायच्या, कप धरवत नसे. त्यात गाडीचा काही दोष नाही. अठरा अश्वशक्तीचं ते इंजिन आरामात जायला बनवलंय, आणि मी ते माझ्या घाईने पळवत होतो.

आता आम्ही पडलो इंजिनिअर. प्रॉब्लेम दिसला की कागद-पेन काढायचं. माझ्या गाडीला पुढे 16 दाते आणि मागे 38. म्हणजे मागचं चाक एकदा फिरायला पुढच्या स्प्रॉकेटला 2.375 फेरे मारावे लागतात. पुढे 18 दाते बसवले तर हाच आकडा 2.11 होतो. त्याच वेगाला इंजिनचे फेरे सरळ 11 टक्क्यांनी कमी! मागचं स्प्रॉकेट बदलायचा विचार सोडून दिला, कारण या गाडीत ते ब्रेकच्या ड्रमलाच धरून असतं.

नाना पेठेत जाऊन 18 दात्यांचं स्प्रॉकेट आणलं. वाटलं होतं, अर्ध्या तासाचं काम. पण जुन्या बुलेटला ते क्लचच्या मागे दडलेलं असतं. फूटरेस्ट काढा, ऑइल सोडा, डावीकडचं कव्हर उघडा, क्लच बाहेर घ्या, तेव्हा कुठे दर्शन होतं. मिस्त्री काम करता करता म्हणाला, "दादा, हायवेला मजा येईल. पण घाटात गाडी काय बोलते ते ऐका." मी मान डोलावली. ऐकलं नाही.

पहिला शनिवार म्हणजे काय सांगू! कात्रजचा बोगदा मागे पडला आणि गाडीचा आवाजच बदललेला. तोच 80 चा वेग, पण ठोके मोकळे, लांब लांब. (मीटरची केबल पुढच्या चाकावरून असल्यामुळे काटा खोटं बोलत नव्हता, हे आधीच तपासलेलं.) खंबाटकीला चौथ्यात जीव नाही म्हणून तिसरा टाकावा लागला, एवढंच. मनात म्हटलं, फुकटात पाचवा गिअर मिळाला!

फुकट काही नसतं हे दुसऱ्या दिवशी कळलं.

रविवारी बाबा म्हणाले, "यवतेश्वराला जाऊन येऊ. किती महिने झाले." आजारपणानंतर पहिल्यांदाच ते गाडीवर मागे बसत होते. गाव मागे पडलं आणि चढ सुरू झाला. दुसऱ्या गिअरमध्ये गाडी कुंथायला लागली, आतून टकटक असा आवाज यायला लागला. मी थ्रॉटल पिळतोय आणि गाडी चढत नाही. खरं तर फेरे इतके कमी असताना थ्रॉटल पिळणं हीच चूक, त्याने इंजिनवर नुसता ताण येतो. एका वळणावर समोरून एसटी आली, मी पहिला टाकायला उशीर केला आणि गाडी बंद पडली. चढावर. बाबा मागे.

बाबा उतरले. मला किक मारायला जागा हवी म्हणून बाजूला झाले आणि मग हळूहळू चालत वर निघाले. "बाबा, तुम्ही थांबा, मी आलोच," मी ओरडलो. तिसऱ्या किकला गाडी सुरू झाली. वर पोचलो तर ते कठड्यावर बसलेले, एक हात छातीवर. माझ्या पोटात गोळा आला. "काही नाही रे, दम लागलाय," म्हणाले. खरंच दमच लागला होता. पण ते पन्नास पावलांचं अंतर मी अजून विसरलो नाही.

देवळाच्या आवारात त्यांनी विचारलं, "काय बदललंस गाडीत?" मी सगळं गणित सांगितलं, 11 टक्क्यांसकट. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "हिशोब बरोबर आहे. पण एकट्याचा केलास."

आणि खरंच की! स्प्रॉकेट बदलून इंजिनची ताकद तसूभर वाढत नाही. फेरे 11 टक्के कमी झाले तसा प्रत्येक गिअरमध्ये चाकाला मिळणारा ओढही 11 टक्के कमी झाला. हायवेला जो आराम मिळाला तो चढावरून उसना घेतलेला होता. माझ्या गणितात सपाट रस्ता होता आणि सीटवर एक माणूस होता.

पुढच्या आठवड्यात पुन्हा क्लच उघडला. मिस्त्री हसला, पण काही बोलला नाही. आता पुढे 17 दाते आहेत. फेरे सहा टक्क्यांच्या आसपास कमी, हाताला मुंग्या थोड्या येतात, शिरवळचा कप मात्र धरवतो. मी पण 80 ऐवजी 70 ने जातो. घरी पोचायला दहा-बारा मिनिटं जास्त लागतात. ती कुठून आणायची हा प्रश्न होता, म्हणून शुक्रवारी रात्री लॅपटॉप तासभर आधी बंद करायला लागलो. काही अडलं नाही.

यवतेश्वराला आम्ही अजून जातो. गाडी दुसऱ्यात चढते, वळणाआधी मी पहिला टाकतो, आणि मागून बाबा खांद्यावर हलकेच थाप मारतात. म्हणजे, वेळेवर टाकलास.

असो. चहा गार झाला.