डोंग्याचा धनी

वाहनाची हौस मनुष्याला फार पुरातन काळापासून आहे. जे अंतर तोडण्यास पायांना अर्धा दिवस लागतो ते घटकेत तोडावे, आणि तेही दुसऱ्या कोणापाशी नाही अशा वाहनातून तोडावे, ही इच्छा राजाच्या मनात असते तशी रंकाच्याही मनात असते. इंदूरचे महाराज दुसरे यशवंतराव होळकर यांना वेगवान मोटारींचा मोठा षोक होता. १९३६ च्या सुमारास त्यांनी अमेरिकेतील ड्यूसेनबर्ग कारखान्याकडून एका बलाढ्य मोटारीचा सांगाडा व इंजिन घेतले, आणि लंडनच्या गर्नी नटिंग या प्रसिद्ध कारागिरांकडून त्यावर देखणी काया चढवून घेतली. लांबलचक नाक, जमिनीलगतचा बांधा आणि मोजकी आसने अशी ती मोटार एका महाराजांसाठी बनली. तिच्यासारखी दुसरी झाली नाही. अशा वाहनाचा धनी सकाळी दार उघडून त्याच्याकडे पाहत असेल, तेव्हा त्याला काय वाटत असेल याची कल्पना करणे कठीण नाही.

परंतु एकमेव असे वाहन बाळगण्याचे भाग्य केवळ राजेमहाराजांच्याच वाट्याला येते असे नाही. महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला, गडचिरोली जिल्ह्यातील भामरागडच्या अरण्यात, ज्याच्या घरी मोटार तर राहोच, पण बैलगाडीही नाही, असा मनुष्यदेखील त्या भाग्याचा वाटेकरी असू शकतो. त्याचे वाहन म्हणजे डोंगा.

भामरागड हे तीन नद्यांचे गाव आहे. पर्लकोटा आणि पामुलगौतम या दोन नद्या येथे इंद्रावतीला येऊन मिळतात. इंद्रावती ओडिशातील कालाहंडीच्या डोंगरांत उगम पावते, बस्तरमध्ये चित्रकोटच्या कड्यावरून उडी घेते आणि रानावनांतून वाट काढीत येथवर येते. पुढे ती गोदावरीत विलीन होते. तिच्या एका तीरावर महाराष्ट्र, तर दुसऱ्या तीरावर छत्तीसगड. परंतु ही सीमा नकाशावरची. तीरावरच्या माडिया गोंड लोकांची सोयरीक, शेती आणि बाजारहाट दोन्ही काठांवर पसरलेली आहे. वाट चालता चालता नदीपाशी येऊन थांबते. जेथे वाट थांबते तेथे डोंगा सुरू होतो.

डोंगा म्हणजे एकाच झाडाच्या खोडातून कोरून काढलेली होडी. तिला ना फळ्यांचे सांधे, ना खिळे. सरळ, जाड आणि आतून न किडलेले खोड निवडायचे. त्याची दोन्ही टोके तासून निमुळती करायची. मग कुऱ्हाडीने आणि वाकसाने पोटातील लाकूड थोडे थोडे काढीत जायचे. हे काम धीराचे आहे. एक घाव अधिक खोल गेला तर तळाला भोक पडते आणि सारी मेहनत वाया जाते. लाकूड फार राखले तर डोंगा जड होतो आणि भार घेईनासा होतो. यामागे आर्किमिडीजने सांगितलेला नियम आहे. पाण्यात शिरलेली वस्तू जितके पाणी बाजूला सारते, तितक्या पाण्याच्या वजनाइतका तिला वर उचलणारा रेटा मिळतो. खोड पोकळ केले की त्याचा बाहेरचा आकार तोच राहतो, पण वजन घटते; जेवढे लाकूड बाहेर निघाले, तेवढा भार आत घेता येतो. माणसांसाठी जागा होते ती अशी, आतले लाकूड काढून टाकल्यामुळे!

शर्यतीची मोटार आणि डोंगा यांची तुलना प्रथम हास्यास्पद वाटेल. पण जरा निरखून पाहिले तर त्या दोघांचे नाते स्पष्ट होते. दोघांचाही देह लांब, अरुंद आणि बसका. मोटारीला वाऱ्याचा अडथळा कमी व्हावा म्हणून तिचे नाक निमुळते करतात. डोंग्याला पाण्याचा अडथळा कमी व्हावा म्हणून त्याचेही टोक निमुळते करतात. दोघांतही जागा थोडी, छप्पर बहुधा नाहीच. आणि दोघेही आपल्या चालकाची परीक्षा पाहतात. डोंग्यात कोणी एकदम उभा राहिला किंवा एका बाजूला कलला, तर सगळ्यांनाच जलसमाधी मिळण्याचा प्रसंग! म्हणून डोंग्यात बसणाऱ्याने तळाशी बसावे, अंग सैल ठेवावे आणि नावाड्याचे ऐकावे. नावाडी मात्र उथळ पाण्यात बांबू रोवीत आणि खोल पाण्यात वल्हे मारीत डोंगा असा नेतो, की जणू नदीनेच त्याला वाट करून दिली आहे.

असा डोंगा ज्याच्या मालकीचा असतो, त्याचा आनंद मोठा न्यारा असतो. कारखान्यातून एका साच्याच्या हजार मोटारी बाहेर पडतात. परंतु अरण्यात एकासारखे दुसरे झाड नसते, म्हणून एकासारखा दुसरा डोंगाही नसतो. कोणाच्या डोंग्याला गाठीमुळे किंचित बाक आलेला असतो, तर कोणाचा एका अंगाला ओढ घेतो. या खोडी परक्याला कळत नाहीत; धन्याला मात्र त्या लेकराच्या स्वभावासारख्या पाठ असतात. कोणत्या बाजूला वजन ठेवावे, वळताना वल्हे किती आधी टाकावे, तळाशी खडक घासल्याचा आवाज कोणता आणि लाकूड तडकल्याचा कोणता, हे त्याला अंधारातही समजते. वस्तू विकत घेतल्याने मनुष्य तिचा मालक होतो. तिची अशी ओळख पटली म्हणजे तो तिचा धनी होतो.

धनीपणाबरोबर कामही येते. ऊन लागून लाकूड वाळले की त्याला चिरा पडतात, म्हणून डोंगा सावलीत नाहीतर पाण्यातच ठेवावा लागतो. वाळवीपासून त्याला जपावे लागते, फट दिसली की बुजवावी लागते, आणि नदी चढू लागली की रात्री-अपरात्री उठून त्याला उंच जागी ओढून बांधावे लागते. शिवाय, जुना डोंगा गेला तर नवा सहज मिळेल असेही नाही. एवढे मोठे खोड तयार होण्यास झाडाला कित्येक वर्षे लागतात, आणि राखीव जंगलातील झाड परवानगीवाचून तोडण्यास कायद्याने बंदी आहे. म्हणून आहे तो डोंगा जपणे हेच शहाणपणाचे ठरते. ही सेवा कंटाळवाणी वाटेल. पण ज्याला आपल्या वाहनाची आवड आहे त्याला ती सुखाचीच वाटते.

या वाहनाचे कुळही थोर आहे. कार्ल बेन्झ या जर्मन गृहस्थाने आपल्या मोटारीचे पेटंट १८८६ साली मिळविले. म्हणजे मोटारीचे वय अजून दीडशे वर्षांचेही नाही. डोंगा किती जुना? १९५५ साली नेदरलँड्समध्ये पेसे गावाजवळ मोटारींसाठी मोठा रस्ता बांधताना दलदलीतून एक कोरलेले खोड निघाले. सुमारे तीन मीटर लांबीच्या त्या खोडाची परीक्षा केल्यावर ते जवळजवळ दहा हजार वर्षांपूर्वीचे असल्याचे ठरले. कोणी म्हणाले, ही होडी नसून जनावरांची दावण असावी. तेव्हा २००१ साली त्याच मापाची प्रतिकृती करून ती पाण्यात सोडण्यात आली, आणि ती वल्हवता आली! जगात सापडलेली ही सर्वांत जुनी होडी आसेन येथील संग्रहालयात ठेवलेली आहे. मोटारीसाठी वाट खणताना माणसाला आपल्या पहिल्या वाहनाची भेट व्हावी, हा योगायोग मोठा गमतीचा. त्या प्राचीन होडीचा आणि भामरागडच्या डोंग्याचा घाट मुळात एकच आहे. तिकडे जी वस्तू काचेआड ठेवली आहे, तिचे भाऊबंद इकडे नदीवर राबत आले आहेत.

डोंग्याचा खरा कस लागतो तो दुसऱ्याच्या अडचणीच्या वेळी. भामरागडपासून जवळच हेमलकसा येथे डॉ. प्रकाश आमटे आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी १९७३ साली लोकबिरादरी प्रकल्पात आपल्या सेवेला आरंभ केला. तेव्हापासून दूरदूरच्या पाड्यांतून, इंद्रावतीपलीकडच्या गावांतूनही, रुग्ण तेथे येऊ लागले. खाटेची कावड करून चौघांनी रुग्णाला नदीपर्यंत आणावे, पुढे काय? पुढे कोणाचा तरी डोंगा. त्या वेळी डोंग्याचा धनी हा साऱ्या गावाचा सोबती होतो. आपले वाहन सर्वांनी नुसते पाहावे, यात एक सुख आहे. पण आपल्या वाहनात कोणी हक्काने बसावे, यातले सुख त्याहून मोठे आहे.

आणि तरीही काही वेळा त्याला ‘नाही’ म्हणावे लागते. पावसाळ्यात या तिन्ही नद्या फुगतात. पर्लकोटेवरचा जुना ठेंगणा पूल अनेक पावसाळ्यांत पाण्याखाली गेला आणि भामरागडचा इतर जगाशी संबंध तुटला. तांबडे पाणी, त्यातून वाहत येणारी झाडे, जागोजागी पडणारे भोवरे! अशा वेळी तीरावर उभे राहिलेले लोक आर्जव करतात. कोणाला घरी पोहोचायचे असते, कोणाला बाजार करायचा असतो. धनी पाण्याकडे पाहतो आणि डोंग्याची दोरी सोडत नाही. ही भीती नव्हे. आपल्या डोंग्याला काय साधेल आणि काय साधणार नाही, हे त्याच्याइतके कोणालाच ठाऊक नसते. जानेवारी २०२४ मध्ये, नद्यांना पूर नसताना, याच जिल्ह्यातील चामोर्शी तालुक्यात मिरची तोडणीला निघालेल्या स्त्रियांची नाव वैनगंगेत उलटली आणि त्यांतील काही जणी बुडाल्या. पाण्याशी गाठ आहे, हे कधीही विसरून चालत नाही. वेगाने जाणे हे वाहनाचे भूषण असेल. पण कोठे थांबावे हे ओळखणे हे धन्याचे भूषण आहे.

नद्यांवर उंच आणि पक्के पूल झाले म्हणजे डोंग्याचे काय होईल? मध्यरात्री विंचू चावलेले मूल पुलावरून गाडीने दवाखान्यात जाईल, विद्यार्थी श्रावणातही कोरड्या पायांनी शाळेत पोहोचतील. हे पाहून डोंग्याच्या धन्याला वाईट वाटेल काय? त्याचा मान थोडा उणा होईल खरा. परंतु ज्याने उतारूंचा जीव सांभाळण्यात आनंद मानला, तो त्यांची वाट सोपी झालेली पाहून कष्टी होणार नाही. पूल पाहून आल्यावर तो संध्याकाळी नदीवर जाईल, डोंग्यात साठलेले पाणी उपसून टाकील, आणि जाळे टाकण्यासाठी एकटाच संगमाकडे वळेल. त्या वेळी डोंग्यात उतारू नसतील, घाई नसेल, पैलतीरावरून कोणी हाका मारीत नसेल. वल्ह्याचा संथ आवाज तेवढा येत राहील, आणि डोंगा पूर्वीसारखाच, किंचित एका अंगाला ओढ घेत, त्याच्या हाताखाली चालत राहील.