बेडशाहून लोहगडास

गडावर सहल न्यावयाची ती मुलांस गड दाखविण्यासाठीं, कीं गडावर मुलें मोजण्यासाठीं, असा प्रश्न आम्हांस गेल्या हिवाळ्यांत पडला. पांचवीच्या वर्गांतील चाळीस मुलांमुलींबरोबर पालक या नात्यानें जाण्याचा योग आला होता. आदल्याच वर्षीं शिवचरित्र अभ्यासून झालेलें. तेव्हां मुलांचा उत्साह काय वर्णावा! कार्यक्रमांत सकाळीं बेडसें, मग लोहगड आणि संध्याकाळीं एका करमणूक-उद्यानांतील पाण्याच्या घसरगुंड्या, अशीं तीन स्थळें एका दिवसांत कोंबलीं होतीं. तिसरें गाळलें असतें तर पहिलीं दोन नीट पाहून झालीं असतीं, असें आमचें मत. पण शाळेच्या सहलींत पालकाचें मत विचारण्याची चाल नाहीं.

कामशेताहून पवनेच्या खोऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यानें बेडसें गांवीं पोहोंचतां येतें. गांवामागच्या डोंगरांत कित्येक शें पायऱ्या चढून गेल्यावर लेणीं लागतात. कार्ल्याची गर्दी येथें नाहीं. समोर खडकाचे दोन प्रचंड भाग न कोरतां तसेच ठेविले असून त्यांमधील अरुंद वाटेनें आंत शिरावें लागतें. आणि शिरतांच, माथ्यावर घोडे, हत्ती, बैल व त्यांवर बसलेले स्वार मिरविणारे उंच खांब दृष्टीस पडतात. इतका वेळ किलबिलणारीं मुलें येथें आपोआप गप्प झालीं. लेण्याचें तोंड पूर्वेस असल्यामुळें सकाळचें ऊन आंतपर्यंत आलें होतें. हें काम सुमारें दोन हजार वर्षांपूर्वींचें. आंत पूर्वीं रंगकामाच्या खुणा होत्या. परंतु भेटीस येणाऱ्या बड्या साहेबांस जागा नीटनेटकी दिसावी म्हणून स्थानिक अधिकाऱ्यांनीं १८६१ च्या सुमारास आंत रंगसफेती करविली, आणि त्या खुणा नाहींशा झाल्या. लेण्याचें नुकसान नेहमीं द्वाड पोरेंच करतात असें नाहीं.

ओसरींतील एका खोलीच्या दारावर ब्राह्मी लिपींत लेख आहे. नाशिकच्या आनंद शेठीचा पुत्र पुष्यणक याचें हें दान, असा त्याचा अर्थ. गुरुजी तो समजावून देत असतां एक मुलगा खांबाआड खड्यानें आपलें नांव लिहितांना सांपडला. गुरुजींनीं कान धरला. मुलगा रडवेला होऊन म्हणाला, "पण सर, त्या पुष्यणकानंसुद्धा लिहिलंच आहे की!" वर्गांत हंशा पिकला. गुरुजींनीं त्यास त्याच्याच बाटलींतील पाण्यानें नांव पुसावयास लाविलें. पोराचा प्रश्न मात्र तसाच राहिला. आणि खरें सांगावयाचें तर त्या घटकेस आम्हांसही उत्तर सुचलें नाहीं.

बाहेर पाण्याच्या टांक्यावर दुसरा एक लेख आहे. सहलीची रांग त्यावरून सरळ पुढें निघाली होती. महाभोजाची कन्या, अपदेवणकाची पत्नी, महारठिणी सामडिनिका हिचें तें दान. मागें रेंगाळलेल्या दोघीतिघी मुलींस आम्हीं तो दाखविला. "म्हणजे हिनं पाणी दिलं?" एकीनें विचारलें. "होय." तिनें टांक्यांत वांकून पाहिलें, आणि शिट्टी वाजली म्हणून धांवत गेली.

पवनानगरावरून दुधिवऱ्याची खिंड चढून मोटार लोहगडवाडीस आली. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा, असे एकामागून एक चार दरवाजे लागतात. वाट अशी वळवून नेली आहे कीं वरच्या तटावर उभें राहिलें असतां खालचा चढणारा मनुष्य पुन्हां पुन्हां माऱ्यांत सांपडतो. हें सांगावें लागलें नाहीं. अर्धीं मुलें वर व अर्धीं खालीं, अशी लढाई आपोआप सुरू झाली.

माथ्यावर मात्र मुलांची निराशा झाली. "राजाचा वाडा कुठाय?" हा एकच घोष. चित्रांतल्या राजवाड्यासारखें कांहीं असेल अशी त्यांची कल्पना. लोहगड ही महाराजांची राहावयाची जागा नव्हे, ठेव ठेवावयाची जागा. १६६४ त सुरतेहून आलेलें द्रव्य येथें ठेविलें होतें. १६६५ च्या पुरंदरच्या तहांत गड मोगलांस द्यावा लागला, १६७० त परत मिळविला. पुढें नाना फडणिसांनींही आपला खजिना येथेंच ठेविला. २०२५ च्या जुलैंत जागतिक वारशाच्या यादींत मराठ्यांचे जे बारा किल्ले गेले त्यांत हाही आहे. हें ऐकून मुलांनीं जयजयकार केला आणि सारीं विंचूकाट्याकडे धांवलीं.

परततांना सर्वांच्या बाटल्या रित्या होत्या, आणि लेणें धुणाऱ्या वीराची तर सकाळपासूनच. तेव्हां प्रथमच मुलांस गडावरील तळीं दिसलीं! गुरुजी भले गृहस्थ. उशीर झाला असतांही ते थांबले व येथील एका तळ्याच्या लेखाची हकीकत त्यांनीं सांगितली: शके १७११, म्हणजे इ. स. १७८९, करविणार बाळाजी जनार्दन फडणीस, देखरेख धोंडो बल्लाळ नित्सुरे यांची, आणि प्रत्यक्ष काम बाजीचट याचें.

"बाजीचट कोण?" सकाळचाच मुलगा.

"बांधणारा."

"त्याचंपण नांव घातलं?"

"घातलं."

मुलगा कांहीं वेळ पाण्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "माझं नांव पुरतं पुसलं नाही, सर. थोडं राहिलंय."

गुरुजींनीं यावेळीं कान धरला नाहीं. खालीं उतरेपर्यंत दोघे बरोबर चालत होते. काय बोलले तें आम्हांस ऐकूं आलें नाहीं, कारण आमच्या वांट्यास मागची दहा मुलें मोजण्याचें काम आलें होतें. करमणूक-उद्यानांत पोहोंचलों तेव्हां घसरगुंड्या बंद झाल्या होत्या, आणि मुलें त्याबद्दल फार हळहळलीं हें कबूल केलें पाहिजे.