रोपाचा पहिला महिना



टोमॅटोची रोपे विकत आणावीत की घरी बी टाकून तयार करावीत, हा प्रश्न मला वर्षातून तीनदा हमखास ऐकायला मिळतो. खरिपाच्या तोंडावर, रब्बीच्या तोंडावर आणि उन्हाळी लागवडीच्या तोंडावर. विचारणारा बहुधा उत्तर ठरवूनच आलेला असतो. नर्सरीत इसार देऊन झालेला असतो, आणि माझ्या तोंडून फक्त "बरे केलेस" एवढेच त्याला ऐकायचे असते. कृषी खात्यात पंचवीस वर्षांहून जास्त काळ काढूनही मला या प्रश्नाला नुसते हो किंवा नाही म्हणता येत नाही. का येत नाही, ते आज सांगतो.

मी धायरीत राहतो. सिंहगडाच्या वाटेवरचे, धारेश्वराचे हे गाव. सन २०१७ मध्ये जी अकरा गावे पुणे महानगरपालिकेत गेली, त्यांत धायरीही होती. आता इमारती फार आणि शेते थोडी. ज्यांची शेती उरली, त्यांची गुंठ्यांवर आली. पण टोमॅटो, वांगी, मिरचीची हौस आणि गरज गेलेली नाही. पूर्वी आमच्याकडे भाताचा तरवा जसा ज्याचा त्याचा असे, तसाच भाजीचाही रोपाचा वाफा ज्याचा त्याचा असे. झाडावर पिकलेले चांगले फळ माझी आई राखून ठेवी, बी राखेत चोळून सावलीत वाळवी आणि फडक्यात बांधून उतरंडीत ठेवी. दारातल्या वाफ्याला सकाळी झारीने पाणी घालणे हे तिचे काम. ते तिने कुणाला शिकवले नाही आणि कुणी शिकून घेतलेही नाही. आज तो वाफा गावात शोधावा लागतो.

असे का झाले, याची कारणे खोटी नाहीत. आईच्या वेळचे वाण सरळ होते. बी घरचे, त्यामुळे थोडे मेले तरी कुणाला वाईट वाटत नसे. आता बहुतेकांकडे संकरित बियाणे आहे. ते ग्रॅमवर मोजून मिळते, आणि एका ग्रॅमात साधारण तीनशे बिया भरतात. चार फुटांच्या सरीवर दीड फुटाने लावले, तर एकरी ७,२६० रोपे बसतात. नांग्या भरण्यासाठी थोडी जास्त धरली, तर आठ हजार. म्हणजे तीस-पस्तीस ग्रॅम बी. त्यातला निम्मा वाफा एका पावसात कोलमडला, तर खिशाला चटका बसतो. नर्सरीवाला हेच बी ९८ खणांच्या ट्रेमध्ये नारळाच्या काथ्याच्या भुशात टाकतो, वर जाळी धरतो आणि तीन-साडेतीन आठवड्यांत एकसारखी रोपे हातात देतो. मुळांभोवतीचा गोळा सुटत नाही, म्हणून रोप शेतात रुसत नाही. मोठ्या लागवडीला हे सोयीचे आहे. त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही.

पण रोप विकत घेताना आपण काय विकत घेतो, ते ध्यानात घ्या. आपण त्या झाडाच्या आयुष्यातला पहिला महिना विकत घेतो, आणि तो महिना आपण पाहिलेला नसतो. बोकड्या रोगाचा विषाणू पांढरी माशी आणते. रोप चार पानांचे असताना माशी बसून गेली, तरी विकत घेताना रोप हिरवेगार दिसते. पाने वळायला लागतात ती तुमच्या शेतात, तुमचे खत-पाणी खाऊन. वाफ्यातली उपटून आणलेली जुडी असेल, तर मुळांबरोबर सूत्रकृमीही येतात. मुळांवर गाठी धरतात, आणि ती कीड जमिनीत एकदा शिरली की पुढची कित्येक वर्षे बाहेर पडत नाही. दहा रुपयांची जुडी जमिनीला किती महागात पडते, याचा हिशेब कुणी मांडत नाही.

सन २०२० च्या उन्हाळ्यात आपल्या राज्यात टोमॅटोची फळे पिकेनात, पिवळी-हिरवी-लाल अशी डागाळू लागली. शेतकरी त्याला तिरंगा म्हणू लागले. पुष्कळांनी बियाण्याला दोष दिला. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेत नमुने तपासले, तेव्हा त्यांत मुख्यतः काकडीवर येणारा मोझॅक विषाणू सापडला. त्याच्या जोडीला आणखीही विषाणू होते. हा मोझॅक मावा पसरवतो. सांगायचे एवढेच, की आधी मावा, पांढरी माशी आणि फुलकिडे यांच्याकडे पाहा, मग पाकिटाकडे. आणि या किडींपासून रोपाला सर्वांत जास्त जपायचे ते पहिल्या महिन्यातच.

दुसरी गोष्ट कागदाची. बियाण्याच्या पाकिटावर वाण, लॉट नंबर, उगवणीची टक्केवारी आणि तपासणीची तारीख असते. सन १९६६ च्या बियाणे कायद्याने ते बंधनकारक आहे, आणि टोमॅटोची उगवण किमान सत्तर टक्के हवी. बी खोटे निघाले, तर पाकीट आणि पावती घेऊन तालुक्याच्या तक्रार समितीपुढे उभे राहता येते. रोपाच्या मुळाला मात्र लेबल बांधलेले नसते. माझ्या ओळखीच्या एका शेतकऱ्याने टणक फळाचा म्हणून वाण घेतला. फळ आले ते मऊ, बाजारात पोचेपर्यंत क्रेटच्या तळाला पाणी सुटायचे. पंचनाम्याला आम्ही गेलो. पावती मागितली, तर पावती नाही. पाकिटाचा रिकामा तुकडा मागितला, तोही नाही. शेतातली मांडव-काठी त्याने कर्ज काढून उभी केली होती. त्याच्या बायकोने एकच विचारले, "साहेब, रोपे आमच्या दारात वाढली असती, तर हे कळले असते ना?" वाण दारात वाढवूनही फळ येईपर्यंत कळत नाही, हे खरे. पण पाकीट तरी तिच्या घरात राहिले असते.

म्हणून माझे सांगणे असे. दोन-चार गुंठ्यांचा टोमॅटो असेल, तर रोप घरीच करा. दोन गुंठ्यांना पावणेचारशे रोपे लागतात. ती चार ट्रेमध्ये बसतात, आणि चार ट्रे पडवीच्या कडेला उजेडात मावतात. एवढ्या थोड्या रोपांसाठी नर्सरीत गेलात, तर दुसऱ्याच्या मागणीतून उरलेली, वाढून लांबलेली रोपे पदरात पडण्याचा संभव अधिक.

ट्रे नसेल तर गादीवाफा करा. तीन मीटर लांब, एक मीटर रुंद आणि वीतभर उंच, म्हणजे पाणी तुंबत नाही. रोपे कोलमडतात ती तुंबलेल्या पाण्याने आणि दाट पेरणीने. दर किलो बियाण्याला पाच ग्रॅम ट्रायकोडर्मा या प्रमाणात बी चोळा. ओळीत पेरा, एक सेंटिमीटरपेक्षा खोल नको. वर चाळलेले कुजलेले खत आणि पेंढ्याचा पातळ थर द्या. कोंब दिसताच पेंढा काढा आणि बारीक नायलॉनची जाळी चारही बाजूंनी मातीत दाबून टाका. जाळीला एक फट राहिली, तर पांढऱ्या माशीला तेवढी पुरते. तंबाखू मळलेल्या किंवा बिडी ओढलेल्या हाताने रोपांना शिवू नका. तंबाखूतला विषाणू हाताने टोमॅटोवर जातो. आधी साबणाने हात धुवा. शेवटचे चार-पाच दिवस पाणी कमी करून रोप काटक करा. पंचवीस ते तीस दिवसांत वीतभर उंचीचे, पाच-सहा पानांचे रोप झाले, की वाफा भिजवून काढा आणि ऊन उतरल्यावर लावा.

बी घरचे धरायचे असेल, तर वाण सरळ हवा. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे धनश्री आणि भाग्यश्री हे तसे वाण आहेत. संकरित फळाचे बी धरू नका. त्याची रोपे एकसारखी निघत नाहीत, कुणी आजोबांवर जाते तर कुणी मामावर.

एकरभर किंवा त्याहून मोठी लागवड असेल, तर नर्सरीचीच रोपे खुशाल घ्या. पण इसार देण्यापूर्वी एक फेरी मारा. जाळी फाटलेली आहे का, दोन दारांची व्यवस्था आहे का, शेजारी रोगट टोमॅटो उभा आहे का, हे डोळ्यांनी पाहा. जमले तर बियाण्याचे पाकीट स्वतः विकत घेऊन त्यांना द्या, आणि रिकामे पाकीट व पावती परत मागा. पेरणीची तारीख ट्रेवर लिहायला सांगा. एक रोप उपसून मूळ बघा, ते पांढरे हवे. फुलावर आलेले रोप स्वस्तात मिळते म्हणून घेऊ नका, ते म्हातारे झालेले असते.

आणखी एक सांगून ठेवतो. सन २०२३ च्या जुलैत टोमॅटो किरकोळ बाजारात शंभर रुपये किलोच्या वर गेला. भाव पाहून रोपांवर झुंबड उडाली. लावल्यापासून पहिला तोडा यायला दोन महिने आणि वर थोडे दिवस लागतात. सप्टेंबरात माल आला तेव्हा भाव पडलेला होता आणि लोकांनी टोमॅटो रस्त्यावर ओतला. तयार रोप मिळते, म्हणून आजच्या भावावर उद्याची लागवड करण्याचा मोह होतो. बी टाकणाऱ्याला निदान एक महिना विचार करायला मिळतो.

भगिनींनो, शेवटी तुमच्याशी बोलतो. पहिल्या महिन्याचे हे काम पूर्वीपासून तुमच्याच हातचे आहे. ते हलके समजले गेले, म्हणून घराबाहेर गेले आणि बाहेर गेल्यावर त्याला दर आला. सन २०२०-२१ मध्ये राज्याने भाजीपाल्याच्या रोपवाटिकांसाठी पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांच्या नावाने योजना आणली, तिच्यात महिलांना आणि महिला गटांना प्राधान्य ठेवले. तुमच्या गटाने आपल्या सहायक कृषी अधिकाऱ्याकडे चौकशी करावी. गावच्या बायकांनी गावापुरती रोपे केली, तर घेणाऱ्याला पहिला महिना डोळ्यांसमोर दिसेल आणि विकणारीला चार पैसे मिळतील. सुरुवात चार ट्रेंनी केली तरी पुरे.