जानव्याची किल्ली

नानांचे कपाट परवा उघडले, आणि कापराच्या वासामागोमाग हाती आला तो त्यांचा १२८ एमबीचा पेनड्राइव्ह. मामलेदार कचेरीत अव्वल कारकून म्हणून उभी हयात काढलेले नाना पेन्शनीनंतर तो तिजोरीच्या किल्लीसारखा जानव्याला बांधून हिंडत, आणि मला त्याची लाज वाटे. संगणकाला लावून पाहिला; उत्तर नाही. असल्या वस्तूत अक्षरे विद्युद्भाराच्या रूपाने राहतात आणि वर्षानुवर्षे पडून राहिल्यास तो भार झिरपून जातो. सुदैवाने त्याची अथपासून इतिपर्यंत उतरवलेली प्रत माझ्या दप्तरी होती.

परंतु नानांनी रचलेला कुलवृत्तान्त युनिकोडपूर्व ‘शिवाजी’ टंकातला. नव्या यंत्रावर मूळपुरुषाच्या जागी रोमन अक्षरांचा केरकचरा दिसे. म्हणून फाब्रिस बेलार या फ्रेंच गृहस्थाने २००३ साली आणलेल्या क्यूएमूच्या आश्रयाने एक आभासी यंत्र उभारले, त्यात जुने विंडोज एक्सपी नांदते केले आणि ती प्रत पेनड्राइव्हच्या वेषात त्याच्यापुढे रुजू केली.

आतला कारभार नानांना मानवला असता. एक्सपीकडून ‘यूएसबीसी’ अशा शिक्क्याचे ३१ बाइटांचे आज्ञापत्र निघते, मजकुराची देवघेव होते आणि ‘यूएसबीएस’ शिक्क्याची १३ बाइटांची पावती परत येते. पलीकडे वस्तू नसून नुसती एक फाइल आहे, याची त्या बिचाऱ्याला वार्ताही नसते. भाऊसाहेबांच्या तोतयाला पेशवाईने १७७६ साली देहान्त शासन दिले. आमचा तोतया मात्र नाव लपवीत नाही: उत्पादक म्हणून तो ४६एफ४ हा जो क्रमांक सांगतो, तो ‘क्यूएमू’ याच अक्षरांच्या गणिती पडताळ्यातून काढलेला आहे.

छापखान्यातल्या त्या पोराला मी अद्याप क्षमा केलेली नाही. वृत्तान्त छापायला दिला, तेव्हा त्याने चालू कामात पेनड्राइव्ह हिसडून काढला आणि चाळीस पाने गेली. नानांनी एका बोटाने ती पुन्हा टंकली, कोणाला एक शब्द न बोलता. मात्र तेव्हापासून ‘आता सुरक्षित काढता येईल’ असा संदेश पडद्यावर उमटेपर्यंत ते साहेबापुढे उभे राहावे तसे थांबत, “हुकूम झाला” म्हणत, आणि मगच हात लावीत.

क्यूएमूचा हा पेनड्राइव्ह एरवी स्वतःला पक्की बसवलेली तबकडी म्हणवतो. तो काढता येण्याजोगा आहे असे कलम वेगळे घालावे लागते. वाचनापुरते त्याचे काही अडत नव्हते, तरी मी ते घातले. एक्सपीने ते दोन ओळखीचे सूर काढले, वृत्तान्त उघडला, मूळपुरुष जागच्या जागी होता. शेवटी काढण्याची आज्ञा दिली. संदेश आला, आणि माझा हात सवयीने यंत्राच्या कडेशी गेला. तिथे काही लावलेलेच नव्हते.